राघूच्या चोचीतला टाका

कुलदीपने दार उघडलं आणि रंजिताच्या खांद्यावरून मागे अंगणात डोकावून पाहिलं.

"मेकॅनिक कुठंय?"

"हेल्मेट काढतोय," रंजिता म्हणाली. हेल्मेट काढून तिने ते त्याच्याच हातात दिलं. "हे धरा जरा. आणि सीपीयू कुठंय?"

जासईच्या रंजिता घरतला हा प्रश्न इतक्या दारांत ऐकायला मिळाला आहे, की तिला त्याचा राग येत नाही, उलट मजा येते. वय एकोणचाळीस. बारा वर्षं तिने वाशीतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर कंप्युटर उघडले आणि मिटले. मग मालकाने दुकान मोबाइलच्या कव्हरांना देऊन टाकलं, तेव्हा हिने एक स्कूटर घेतली, एक पाठीवरची बॅग घेतली आणि घरोघरी जायला लागली. बॅगेत स्क्रूड्रायव्हर, रंगाचा ब्रश, शाळेतला पांढरा खोडरबर, स्पिरिटची बाटली, दोन पेनड्राइव्ह, एक दोनशे पानी वही आणि लाल नेलपॉलिश. नखांना तिने ते आजवर लावलेलं नाही.

घर होतं कोपरखैरण्यातल्या माथाडी वसाहतीतलं, खाली एक खोली आणि वर एक. खालच्या खोलीत लोखंडी टेबलावर कंप्युटर, त्याच्यापुढे कुलदीपची बायको शुभदा बसलेली. खिडकीपाशी खुर्चीत हौसेराव, कुलदीपचे वडील, मांडीवर परात घेऊन पावटा सोलत. छत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती उचललेला माणूस. मान अजूनही डाव्या बाजूला किंचित कललेली, जणू उजव्या खांद्यावर काहीतरी आहेच.

"सांगा, वहिनी," रंजिता स्टुलावर बसली. कंप्युटरला तिने हातही लावला नाही. "काय होतंय?"

"मी सांगतो," कुलदीप म्हणाला. "हँग होतो. व्हायरस असणार. नाहीतर हिचं काहीतरी चुकतंय. डोळे फोडून बसते दिवसभर, मग चुका होणारच ना. मी म्हणतो, सोड ते. कशाला टेन्शन?"

"तुम्ही चालवता का कंप्युटर?"

"नाही, मी..."

"मग वहिनींना सांगू दे."

शुभदाने माउसवरचा हात काढला नाही. हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून ती बोलायला लागली. ती भरतकामाची डिझाइनं करते, कंप्युटरवर. ब्लाउजच्या पाठीवर जो राघू असतो, त्याचा प्रत्येक टाका कुठून कुठे जाणार, कुठल्या रंगाचा, किती लांब, हे सगळं ती आखते. फाइल तुर्भ्याच्या कारखान्यात जाते, तिथे मशीनच्या बारा सुया त्या फाइलचं ऐकून एका दमात बारा राघू भरतात. पाच वर्षं हेच काम. आणि गेल्या तीन आठवड्यांत दोन डिझाइनं फसली. राघूच्या चोचीतून एक टाका सुटला आणि सरळ कापडाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. बारा सुया, बारा कापडं, बाराही वाया.

"कारखान्याचे हिरामणशेठ म्हणाले, वहिनी, तिसऱ्यांदा झालं तर मी दुसरीकडे देतो. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले." शुभदाने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "आज सहा वाजता ते मशीनवर लावणारेत. लगीनसराई आहे, रविवारीही चालू आहे कारखाना. आणि काल रात्री मी फाइल उघडली तर चोचीत परत तोच टाका. ताई, मी तो टाकला नाही. म्हणजे... मला वाटतं, मी नाही टाकला."

शेवटचं वाक्य रंजिताला आवडलं नाही. बाई स्वतःच्या हातावरच संशय घ्यायला लागली होती. कंप्युटर काय, तो दुरुस्त होतो.

"बंद पडतो तेव्हा निळा पडदा येतो?"

"हो."

"त्यावर काय लिहिलेलं असतं? दर वेळी तेच?"

"नाही! दर वेळी वेगळंच. मी लिहून ठेवलंय." शुभदाने ड्रॉवरमधून वही काढली. तारीख, वेळ आणि खाली इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उतरवलेली. सात नोंदी, सातही निराळ्या.

रंजिताने वही वाचली. मग मान न वळवता म्हणाली, "दादा, ही जी बाई निळ्या पडद्यावरची अक्षरंसुद्धा मोजून उतरवते, तिचा टाका चुकेल?"

"अहो, माणूस आहे..."

"आपण बघू ना. मी पण नुसती बोलत नाही, दाखवते. डिझाइनची फाइल कुठली? आणि वहिनी, एक काम करायचं. मी सांगेपर्यंत काहीही सेव्ह करायचं नाही. एक अक्षर नाही."

फाइली पाहून ती गालात हसली. राघू एक, राघू दोन, राघू तीन, राघू चार, राघू पाच. रोजची निराळी. शुभदा जुन्यावर नवं कधी चढवत नसे.

रंजिताने एक लहानसा प्रोग्रॅम चालू केला. "हे बघा दादा, जवळ या. प्रत्येक फाइलचा हा असा एक आकडा निघतो, लांबलचक. अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. फाइल तीच असेल तर ठसा तोच. पटतंय?"

"पटलं."

"मोठी फाइल घेते. लग्नाचा व्हिडिओ आहे इथे, तुमचाच दिसतोय."

"त्यात काय खराबी नाही ना करणार?"

"फक्त वाचणार. आता माझे हात बघा." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "वहिनी, तुम्ही पण. कुणी माउसला हात लावायचा नाही."

पडद्यावर आकडा आला. तिने तो वहीत उतरवला. पुन्हा चालवलं. पुन्हा आकडा आला. कुलदीपने वाकून दोन्ही वाचले, बोट ठेवून, अक्षर अक्षर.

"हा निराळाय."

"तिसऱ्यांदा करू?"

तिसऱ्यांदा आणखी निराळा.

"फाइल तीच," रंजिता म्हणाली. "घरात कुणी हात लावला नाही. आणि ह्या साहेबांनी एकाच अंगठ्याचे तीन ठसे काढले. आता सांगा, चूक कुणाची?"

शुभदाने खुर्चीला पाठ टेकली. घरात आल्यापासून रंजिताने तिला पहिल्यांदाच पाठ टेकताना पाहिलं.

"मग काय, हार्ड डिस्क गेली?" कुलदीपने विचारलं. "मी तर म्हणतो, नवाच घेऊ."

"घाई नको. मला मेमरीचा वास येतोय." रंजिता उठली. "बघा, डिस्क म्हणजे कपाट. मेमरी म्हणजे हे टेबल. काम करताना कपाटातलं सामान टेबलावर मांडतो. टेबलाला भोक असलं, तर कपाट चांगलं असून काय उपयोग? सामान ठेवलं की एखादी वस्तू खाली. मग जे हाताला लागलं, ते परत कपाटात. म्हणून तुमच्या राघूची चोच बिघडली, वहिनी. तुम्ही बरोबर काढली. ठेवताना सांडली."

तिने पेनड्राइव्ह लावला. आता कंप्युटर नेहमीसारखा उठला नाही. काळ्या-निळ्या पडद्यावर नुसते आकडे पळायला लागले. हा प्रोग्रॅम मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो, एवढंच त्याचं काम. सातव्या मिनिटाला पडद्यावर एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग धडाधड.

"घे!" कुलदीप म्हणाला. "हे काय मॅडम, पूर्णच गेली की."

"गेली आहे, पण कशाने, ते अजून माहीत नाही. मेमरीची पट्टी खराब असेल, ती बसते ती खाच खराब असेल, नाहीतर नुसती घाण असेल."

तिने वीज बंद केली, वायर काढली, सीपीयू आडवा करून बाजूचा पत्रा उतरवला. आत मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या उभ्या होत्या. दोन्ही टोकांच्या चिमट्या दाबून तिने पहिली पट्टी वर उचलली आणि थबकली. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. ती रांग चमकत होती. नको इतकी चमकत होती. तिने पट्टी नाकाशी नेली.

खोबरेल तेल.

सत्तावीस हजार तऱ्हेची घाण तिने कंप्युटरमध्ये पाहिली होती, असं ती सांगते. झुरळं, पालीची अंडी, एकदा वाशीत एका घरी तांदळाचे दाणे. खोबरेल पहिल्यांदाच. तिने दुसरी पट्टी काढली. तिलाही तेच. नीट, सारखं, प्रत्येक दाताला. हे सांडलेलं नव्हतं. कुणीतरी प्रेमाने लावलं होतं.

खिडकीपाशी पावटा सोलायचा आवाज थांबला होता.

"कुलदीपदादा," रंजिता म्हणाली, "मला एक पाठकोरा कागद आणि बर्फाचं पाणी मिळेल? वहिनी, तुम्ही पण जरा डोळ्यांवर पाणी मारून या."

दोघं वर गेले तशी ती स्टूल ओढत खिडकीपाशी गेली. आवाज खाली आणून म्हणाली, "आबा, कधी लावलंत?"

हौसेरावांनी परातीतून मान वर केली नाही. "काय?"

"तेल."

"कसलं त्याल?"

"पॅराशूट असावं. गंध अजून ताजा आहे."

म्हाताऱ्याने एक शेंग हातात फिरवली. मग म्हणाला, "खंडेनवमीला."

"उघडलंत कसं?"

"गेल्या साली तो एक मेकॅनिक आलता. त्यानं चिमट्या दाबल्या, पट्टी वर आली. म्या बघितलं की. पन्नास किलोचं पोतं तोलून धरणाऱ्याला तेवढं जमत नाय व्हय?" मग आवाज खाली आला. "पोरी, आमच्याकडं खंडेनवमीला हत्यार धुत्यात, पुसत्यात, त्याल लावत्यात. गंज धरू नये म्हनून. माझ्या पोती ओढायच्या हुकाला छत्तीस वर्सं लावलं. तो एवढा ल्हान दात, सोन्यागत. मला वाटलं, ह्यालाबी गंज धरंल." त्याने शेंग परातीत टाकली. "माज्यामुळंच झालं न्हवं?"

कुणीही इथे म्हणालं असतं, नाही हो आबा, काळजी करू नका. रंजिताच्याही ते ओठांवर आलं होतं.

पण ती तसं बोलत नाही, त्याला कारण आहे. दुकानात असताना उरणजवळ मोऱ्याला एका मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाचा, गंगारामचा, कंप्युटर तिच्याकडे आला होता. घाईत तिने मेमरी बदलली, पॉवर सप्लाय बदलला, डिस्क बदलली, सगळं एकदम. कंप्युटर चालला. गंगाराम खूश, मालक खूश. काढलेली मेमरी तिने ड्रॉवरमध्ये टाकली, कारण नेमकं काय बिघडलं होतं ते तिला माहीतच नव्हतं. दोन महिन्यांनी तीच पट्टी तिने चांगली समजून एका कॉलेजच्या पोरीच्या कंप्युटरला लावली. पोरीचा वर्षभराचा प्रोजेक्ट ओळीओळीने नासत गेला आणि तो कशाने नासतोय, ते परीक्षा होईपर्यंत कुणाला कळलं नाही. त्या पोरीच्या आईने दुकानात येऊन तिला काही शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तुम्ही बघून लावली होती ना?" तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खराब ठरलेल्या पट्टीवर लाल नेलपॉलिशची फुली मारायची. आणि बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही, नाही पण म्हणायचं नाही.

"आबा, मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "तेलाने धूळ चिकटते, जोड बिघडतो. तसं असेल तर तुमच्यामुळे. पण दुसरंही असू शकतं. दोन-अडीच तासांत सांगते. खरं सांगते."

"खरं सांग. माजी हरकत न्हाई."

तिने खोडरबरने सोनेरी दात घासले, स्पिरिटने पुसले, खाचा ब्रशने झाडल्या. मग वहीत चार ओळी आखल्या. पहिली पट्टी पहिल्या खाचेत. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. दुसरी दुसऱ्या खाचेत.

"दोन्ही एकदम लावून बघा ना, मॅडम," कुलदीप म्हणाला. "वेळ वाचेल."

"दोन पोरं भांडत असली, तर एकेकाला वेगळं बसवून विचारतात की दोघांना एकदम?"

"आमच्या आबांनी दोघांनाही एकदम बडवलं असतं."

"म्हणून तर अजून कळलं नसेल, काच कुणी फोडली होती."

"यानंच फोडलीती," हौसेराव खिडकीतून म्हणाले. सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

पहिली पट्टी, पहिली खाच. चाळीस मिनिटं आकडे पळत राहिले, एकही लाल ओळ नाही. तिने तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून परत चालू केलं. तेवढ्यात जासईहून आईचा फोन आला. "रंजू, जेवलीस का नाय?" "जेवते गं." "कवा?" रंजिताने फोन ठेवला, तोवर शुभदाने तिच्यापुढे ताट आणलं होतं. भाकरी, पावट्याची उसळ, कांदा. चौघं जमिनीवर बसली. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेतही स्वच्छ निघाली, तेव्हा ताटं अर्धी झाली होती.

"म्हणजे पुसल्यावर चांगली झाली," कुलदीप म्हणाला. "म्हणजे घाणच होती. कसली घाण होती, मॅडम?"

रंजिताने भाकरीचा तुकडा मोडला. उत्तर द्यायचा हक्क तिचा नव्हता.

"त्याल होतं," हौसेराव म्हणाले. "म्या लावलं."

कुलदीपचा घास हातातच राहिला. "तुम्ही? कंप्युटरला तेल? आबा, तो काय म्हसोबा आहे? तीन आठवडे ही रडतेय, मी हिला बोलतोय, आणि तुम्ही गप बसून पावटा सोलताय?"

"भ्यालो म्हनून गप बसलो."

"अहो, पण तेल कशाला..."

"खंडेनवमीला हत्यार पुजायचं का न्हाई?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "माझा हूक गेला. तुझं हापिस हापिसात. ह्या घरात हत्यार कंचं हाय, सांग! त्येच एक हाय. ती दिसभर त्येच्यावर राबती. म्या दुसरं काय पुजायचं, मिक्सर?"

शुभदा ताटाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "आबा, समोरच्या बाजूला कुंकवाचं बोट होतं ते तुमचं?"

"मग कुणाचं?"

"मला वाटलं, ह्यांनी लावलं."

कुलदीपने घास तोंडात घातला आणि फार वेळ चावत राहिला.

रंजिताने हात धुतले आणि दुसरी पट्टी पहिल्या खाचेत बसवली. आता चौघंही पडद्यासमोर. हौसेराव तर परात विसरून उभेच. नवव्या मिनिटाला लाल ओळ. रंजिताने तिच्यापुढचा आकडा वहीत उतरवला. पट्टी काढली, पुन्हा घासली, पुन्हा पुसली, प्रकाशात धरून पाहिली, दुसऱ्या खाचेत बसवली. नवव्या मिनिटाला लाल ओळ. तोच आकडा. सकाळचा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या जागा मिळून मोजलेला होता, तो एकट्या पट्टीच्या आकड्याशी जुळणार नव्हता, म्हणून तिने तो बाजूला ठेवला. हे दोन मात्र शेजारी लिहिले.

"आबा, इकडे या. वाचा."

"मला इंग्रजी येत न्हाई."

"आकडे येतात ना? हा आणि हा."

त्यांनी बोट ठेवून वाचले. "एकच हाय."

"एकच. खाच बदलली, पट्टी दोनदा पुसली, तरी भोक त्याच जागी. तेलाचा दोष असता तर पुसल्यावर गेला असता, निदान हलला असता. हा दोष पट्टीच्या पोटातला आहे, चिपमधला. तेल दोन्ही पट्ट्यांना होतं. एक धडधाकट आहे, एक आजारी. आजारी झाली ती स्वतःहून झाली." ती थांबली. "तेल लावायला नको होतं, ते नकोच होतं. पण हे तुमच्यामुळे नाही झालं. मी बघून सांगतेय."

हौसेराव हळूच खुर्चीत बसले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा खांदा दाबला, जुनी सवय असावी.

"आणि वहिनींमुळे पण नाही," कुलदीप म्हणाला. कुणाकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

रंजिताने नेलपॉलिशची बाटली उघडली, खराब पट्टीवर लाल फुली मारली, फुंकर घातली. चांगली पट्टी बसवली, पत्रा लावला. "एकाच पट्टीवर चालेल. जरा हळू चालेल, पण खोटं बोलणार नाही. नवी पट्टी मी मंगळवारी आणते." मग तिने लग्नाच्या व्हिडिओचा ठसा पाच वेळा काढला. पाचही वेळा तोच.

अडीच वाजले होते. राघू पाच उघडून पाहिला तर चोचीत तो टाका होताच. बिघडूनच कपाटात गेला होता. राघू चार उघडला. शुभदाने तो मोठा करून करून, पिसापिसातून, डोळ्याच्या कडेने, चोचीच्या टोकापर्यंत तपासला.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. या वेळी 'मला वाटतं' म्हणाली नाही. "कालचं काम परत करावं लागेल. पंखांचं भरणं आणि पानं. तीन तास."

"करा."

रंजिताला खरं तर निघता आलं असतं. सीवूडला एक प्रिंटर वाट बघत होता. पण ती स्टुलावर बसून राहिली, कुलदीपने केलेला चहा प्यायली, हौसेरावांकडून पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते ऐकलं, दोनदा सीवूडच्या माणसाला "निघतेच आहे" म्हणून सांगितलं. शुभदाचा माउस टिकटिक करत होता. साडेपाचला तिने फाइल सेव्ह केली, बंद केली, परत उघडली. चोच जागेवर. रंजिताने ठसा काढला, मग फाइल कारखान्यात पाठवून तिथून परत मागवली आणि तिचाही काढला. दोन्ही सारखे.

सहाला पाच मिनिटं असताना हिरामणशेठचा फोन आला.

"वहिनी, लावू का? परत विचारतो. बारा कापडं आहेत, नवरीकडची."

"लावा," शुभदा म्हणाली. "पण व्हिडिओ कॉल करा, मला बघायचंय."

"तुम्हाला विश्वास नाही?"

"मला आहे. तुम्हाला नाही, म्हणून दोघं मिळून बघू."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर जांभळं कापड, वर सुया. खटाखट आवाजाने खोली भरली. आधी पानं आली, मग शेपूट, मग पंखांचं हिरवं भरणं. हौसेराव चष्मा काढून पुसून परत लावत होते. रंजिताचा फोन वाजला, सीवूड. तिने तो उलटा ठेवला.

मशीनने दोरा बदलला. लाल. सुई चोचीच्या मुळाशी उतरली, टोकाकडे सरकली, टोकाशी क्षणभर थांबली आणि वळून परत चोचीतच आली. एकदा, दोनदा, दहादा. कोपऱ्यातलं कापड कोरं राहिलं.

"वहिनी," फोनमधून हिरामणशेठचा आवाज आला, "राघू झाला, आता मैना कधी देताय?"

"परवा," शुभदा म्हणाली. "आणि आधीची दोन फसली ना, ती उद्या परत पाठवते, दुरुस्त करून. तीही माझी चूक नव्हती. तुमच्या लोकांना तसं सांगा."

"सांगतो की."

"आता सांगा. फोन चालू ठेवून सांगा. मी ऐकतेय."